चहा होईपर्यंत कुलूप

१

मारोतराव खोडे दुपार कलल्यावर सापडले. अभनपुरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, एका बाभळीखाली, खोडाला पाठ टेकून बसलेले. ज्या ट्रकवाल्यानं पाहिलं त्याला वाटलं, म्हातारा झोपला आहे. पायात चप्पल नव्हती आणि तळवे भाजून निघाले होते. रायपूरच्या मे महिन्यात डांबरावर अनवाणी चालायचं नसतं हे इथल्या कुत्र्यांनाही कळतं, ती दिवसभर नालीत बसून राहतात. डॉक्टरांनी लू, म्हणजे उष्माघात, लागल्याचं लिहिलं, पोलिसांनी मान डोलावली आणि प्रकरण मिटलं.

पोलिसांपुरतं मिटलं. आमच्या ग्रुपवर मात्र आरोपी केव्हाच ठरला होता.

ग्रुपचं नाव ‘आपला पारा’. पारा म्हणजे इकडच्या बोलीत मोहल्ला. रायपूरमधली मराठी घरं, काही भोसल्यांच्या राज्यापासूनची, काही आमच्यासारखी विदर्भातून नोकरीपायी आलेली, सगळी या एका ग्रुपवर. मारोतराव रेल्वेत गार्ड होते, छोट्या लाईनीवर, म्हणजे नॅरोगेजवर. पुढे ती लाईन उखडली आणि मग त्यांची आठवणही गेली. दार उघडं दिसलं की ‘ड्यूटी आहे’ म्हणून निघायचे. कधी स्टेशनवर मिळायचे, कधी शंकर नगरच्या दुकानांत, कधी भलत्याच मंदिरात. त्यांची सून लता ग्रुपवर फोटो टाकायची, शहराच्या कुठल्या तरी कोपऱ्यात कोणाला तरी ते दिसायचे आणि जेवणाच्या आत म्हातारा घरी यायचा. या गोष्टीचा आम्हाला कोण अभिमान!

त्या गुरुवारी फोटो पडला नाही. ग्रुपला कुलूप होतं आणि ते लावलं होतं विनायकराव मोघ्यांनी.

तेरवी झाल्यावर हेच विनायकराव माझ्या दारात उभे राहिले. गालफडं बसलेली, सदऱ्याची बटणं खालीवर. हा माणूस अंत्ययात्रेलासुद्धा इस्त्री करून जाणारा.

“क्षमाताई, तुम्ही जन्मभर रेल्वे पोलिसात तपास केलात,” ते म्हणाले. “लोक म्हणतात, तुझ्या कुलपानं मारोतरावांना मारलं. मला जेवण जात नाही. एवढंच शोधून सांगा. मी मारलं का हो त्यांना?”

२

विनायकराव पाटबंधाऱ्यातून निवृत्त झाले ते सरळ ग्रुपचे ॲडमिन झाले, मध्ये एक दिवसही मोकळा गेला नाही. ग्रुप कशासाठी? मंडळाचे कार्यक्रम, रक्ताची गरज, हरवले-सापडले, भाड्याचं घर. बाकी सगळं बंद. सुप्रभात नको, घरगुती विषय नकोत आणि राजकारण तर मुळीच नको. पण दोन मराठी माणसं आणि एक निवडणूक एका जागी आली की व्हायचं ते होतंच. तसं झालं की विनायकराव कुलूप लावत. म्हणजे फक्त ॲडमिननं लिहायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं.

कुलूप उघडायची रीत मात्र खास त्यांची. भांडण सुरू करणाऱ्या दोघांनी त्यांच्या घरी यायचं, समोरासमोर बसून चहा प्यायचा. दोघांच्या हातात कप असलेला फोटो ग्रुपवर पडला की कुलूप निघालं. मी या प्रकाराला हसत असे, पण उपाय लागू पडायचा. सुशीलाबाईंचा, म्हणजे विनायकरावांच्या बायकोचा, आल्याचा चहा पिता पिता कोणाला शिव्या देता येत नाहीत.

“त्या दिवशी भांडण लावलं कोणी?” त्यांना आत बसवून, चहा देऊन मी विचारलं.

“गोदूकाकूंनी.”

मी कपच खाली ठेवला. गोदूकाकू म्हणजे ग्रुपवर फक्त लोणच्याची कृती टाकणाऱ्या आजीबाई.

“त्यांच्या फोनवरून, आपला औषधवाला शेखर ज्या नेत्याला मानतो, त्याचं फार घाणेरडं चित्र आलं. शेखर पेटला. त्याच्यामागे अर्धा पारा पेटला. मी कुलूप लावलं. शेखर ताबडतोब आला, माझ्या हातचा चहा प्यायला आणि काकू आल्या की बोलवा म्हणून निघून गेला. काकू आल्याच नाहीत. मी किती फोन लावले, उचलेनात. नंतर कळलं, त्या मंडळाच्या हॉलमध्ये पारायणाला बसल्या होत्या.”

“आणि शंकर? बाप हरवल्यावर त्यानं तुम्हाला फोन नाही केला?”

“केला होता. माझा लागत नव्हता. ज्याचं तोंड बंद केलं तो प्रत्येक जण मला फोन करून तक्रार करत होता.” विनायकरावांनी चेहरा हातांत लपवला. “एकच कप कमी होता, क्षमाताई. मी नियम सोडला असता तर?”

मला मात्र दुसरीच गोष्ट टोचत होती. पारायणाला बसलेली बाई चित्र पाठवते कशी?

३

“माय वं! मी कायले पाठवतो?” गोदूकाकू रडकुंडीला आल्या. “माह्या फोनाले लॉक नाही, माहा नातू त्यात कुठले कुठले ग्रुप टाकून देते. ढीगभर चित्रं येतात, मी पाहतच नाही. आता सारेजण मले म्हणून राहिले का काकू, तुमी मारलं मारोतरावाले.”

“तेव्हा फोन कुठे होता काकू?”

“टोपलीत. एकआसनी पारायण होतं ना! सकाळी बसलं का पोथी संपेपर्यंत उठाचं नाही, बोलाचं नाही. म्हणून सगळ्यायचे फोन दारातच घेऊन टोपलीत ठेवतात. मी तर सगळ्यात आधी देल्ला न आसनावर जाऊन बसली.”

“घेतला कोणी?”

“लतानं. दाराची सेवा तिची होती. बिचारी! सासऱ्याचं एवढं करून बी देवाचं सोडत नाही ती.”

काकू खोटं बोलत नव्हत्या. खोटं बोलायला लागतं तेवढं सावधपणच त्या बाईंजवळ नाही. तिथून मी सुशीलाबाईंकडे गेले. त्याही पारायणाला होत्या, आणि त्यांना गोष्ट सांगायला लावावी लागत नाही.

“मी दारात रांगेत उभी होते, फोन हातातच होता,” सुशीलाबाई म्हणाल्या. “तेवढ्यात ते चित्र आलं. म्हटलं, काकू चळल्या की काय! मान वर करून बघते तर काकू आत आसनावर. डोळे मिटलेले, हात जोडलेले. आता हसावं की रडावं? मी आपला फोन दिला आणि जाऊन बसले. आधी पाठवून मग देवाचं नाव घेतलं असेल, असं वाटलं.”

“टोपलीजवळ कोण होतं?”

“लता होती. आणि शंकर होता, तिला गाडीवर सोडायला आलेला. म्हाताऱ्या बायकांच्या चपला ओळीत लावून देत होता.”

म्हणजे ते चित्र काकूंनी पाठवलंच नव्हतं. ते टोपलीतून आलं होतं. टोपलीजवळ होती दोन माणसं, आणि दोघंही मेलेल्या माणसाच्या घरातली.

४

समता कॉलोनीत खोड्यांच्या घराला लागून शेखरचं औषधांचं दुकान आहे. शेखरला ते घर हवं होतं. दुकानामागे गोदाम काढायचं होतं, हे अख्ख्या पाऱ्याला ठाऊक. शंकरही द्यायला तयार होता. मारोतराव तेवढे ‘हे क्वार्टर सरकारचं आहे, विकता येत नाही’ म्हणून अडून बसले होते.

“हव, पाहिजे होतं घर,” शेखर गुरकावला. “म्हणून का मी म्हाताऱ्याले मारून राहिलो? दीदी, मी तर सगळ्यात पहिले चहा प्यालो. विनायकरावले म्हटलं, माहा कप झाला, खोल दो ना ग्रुप. त्यायचं एकच, दोन कप पाहिजे.”

“त्या मधल्या वेळात काय करत होतास?”

“बाजारात माल घेत होतो न फोनवर होतो. शंकरसोबत.” त्याचा आवाज एकदम उतरला. “कुलूप लागलं तर भांडण कुठं थांबते जी? ग्रुपवरचं फोनवर येते. तो मले नेता शिकवून राहिला होता न मी त्याले. लय वेळ बोललो. मग तोच ओरडला, अबे बाबा नाही दिसून राहिले. मी बी विनायकरावले फोन लावला, लागलाच नाही.”

कुलपानं भांडण थांबतं हा फक्त विनायकरावांचा समज. ते नुसतं घर बदलतं.

शंकर हापिसातून येऊन ओट्यावर बसला होता. लता आत भांडी घासत होती. त्याच्याशी बोलणं म्हणजे ओल्या भिंतीला हात लावण्यासारखं झालं होतं, लगेच पाणी सुटायचं.

“दीदी, मी सुट्टी घेतली होती. लताले म्हटलं, जा तू पारायणाले, मी आहो बाबाजवळ. तिले सोडून आलो तं बाबा खुर्चीतच होते. समोरच्या दाराची वरची कडी मी स्वतः लावली. तिले बाबाचा हात पुरतच नाही.”

“मग गेले कुठून?”

“मागून. मागच्या दाराले कुलूप राहते. त्या दिवशी उघडंच लटकून राहिलं होतं. चाबी तर लताच्या कमरेले राहते. घाईत राहून गेलं असन तिचं. मी तिले काही म्हटलं नाही. काय म्हणू? चूक तर माही आहे. मी फोनमध्ये घुसलो होतो.”

“शोधताना लोकांना काय दाखवलंस?”

त्यानं फोन पुढे केला. कोणाच्या तरी लग्नातले मारोतराव. कोट, टोपी, ताठ मान. या फोटोवरून बाभळीखालचा म्हातारा त्यांच्या सख्ख्या भावालाही ओळखता आला नसता.

“त्या दिवशीच्या कपड्यातला फोटो कुठे आहे शंकर?”

“नव्हता,” तो म्हणाला. “त्या दिवशी काढलाच नव्हता तिनं.”

आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

५

दुसऱ्या दिवशी मी विनायकरावांना बोलावलं.

“काकूंचाच फोन का?” मी विचारलं.

“स्वतःचं नाव लपवायला.”

“टोपलीत बायकांचे किती तरी फोन येणार होते. पण पहिला फोन हातात आला तोच वापरला, कारण घाई होती. पोथी सुरू व्हायच्या आत भांडण लागायला हवं होतं. ज्या बाईचा फोन घेतला ती पोथी संपेपर्यंत उठणार नव्हती. म्हणजे तोवर तुमच्याकडे दुसरा कप येणार नव्हता. त्या माणसाला भांडण नको होतं, विनायकराव. कुलूप हवं होतं. आणि ते दुपार होईपर्यंत टिकायला हवं होतं.”

विनायकराव पांढरे पडले. मी पुढे बोलत राहिले, कारण थांबले असते तर मलाच पुढचं बोलवलं नसतं.

“मारोतराव आजवर दर वेळी वाचले ते फक्त ग्रुपमुळे. ग्रुप मुका झाला की या उन्हात ते वाचत नाहीत, हे ज्यानं ओळखलं त्यानं हे केलं.”

“शंकर? घरासाठी?”

“मलाही आधी तेच वाटलं. टोपलीजवळ तोही होता. पण मागच्या कुलपाची किल्ली त्याच्याजवळ नसते. आणि दुसरं म्हणजे फोटो. लता रोज सकाळी सासऱ्याला आंघोळ घालून, कपडे घालून एक फोटो काढायची. हरवले तर आजचे कपडे लोकांना दिसावे म्हणून. तापानं फणफणली असताना काढला. आई वारल्याचा फोन आला त्या सकाळीही काढून मग वर्ध्याला गेली. तुम्हीच ग्रुपवर तिचं कौतुक केलं होतं, सून असावी तर अशी. त्या एकाच दिवशी तिनं फोटो काढला नाही.”

“विसरली असेल,” विनायकराव म्हणाले. त्यांच्या आवाजात विनवणी होती.

“चला, तिलाच विचारू.”

६

शंकर कामावर गेला होता. लतानं आम्हाला पाणी दिलं आणि मारोतरावांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी खाली बसली. वय पस्तिशीचं असेल, डोळ्यांखाली मात्र साठीचं काळं. मी कुलूप, टोपली, फोटो सगळं सांगितलं. 

“फोटो काहून नाही काढला लता?”

“फोन उचलला होता जी,” ती हळूच म्हणाली. “बाबा हसले. फोटो काढाचा म्हटलं का रोज हसत होते ते, लहान लेकरासारखे. माहा हात खाली आला. पुन्हा उचललाच नाही.”



“ते मरतील हे ठाऊक होतं?” मी विचारलं.

“हव,” ती म्हणाली. “ऊन पाहिलं होतं न मी. आता खोटं कायले बोलू? मी काही त्यायच्या अंगाले हात नाही लावला. फक्त दार उघडं ठेवलं न तुमची तोंडं बंद ठेवली.”

मी नोकरीत बरेच कबुलीजबाब ऐकले. बहुतेक लोक मेलेल्याला नावं ठेवतात. ही ठेवत नव्हती.

“बाबा वाईट नव्हते जी. पण रातभर उठत. दार वाजवत, शिट्टी दे म्हणत, गाडी सोडाची आहे. अंथरूण भिजवत. आमच्या यायले झोप लागली का नगारा वाजवा, उठत नाहीत. चार वर्सं झाली, मी सलग झोपली नाही. न मंग एखाद्या दिवशी बाबा निघून जात. खरं सांगू? पहिले मी रडत होती. मंग मंग मले वाटे, एक घंटा तर शांतता आहे. तितक्यात तुमच्यापैकी कोणी तरी हसत हसत येऊन त्यायले माह्या दारात सोडून देई. फोटो काढत, ग्रुपवर टाकत, फुलं पाठवत न निघून जात. दर वेळी तुमी त्यायले शोधून आणलं. आत कोणीच आलं नाही.”

“मागायचं होतंस बेटा,” विनायकराव कसेबसे म्हणाले. “आम्हाला सांगायचं होतंस.”

लतानं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही, त्याचंच मला फार वाईट वाटलं.

“सांगितलं होतं काका. ग्रुपवर लिहिलं होतं. कोणी एक दिवस बाबाजवळ बसाल का, मले झोपाचं आहे, असं लिहिलं होतं. तुमी ते मिटवलं. मंग मले अलग मेसेज केला का घरगुती विषय ग्रुपवर नको, बेटा. नियम सर्वांले सारखा आहे.”

विनायकरावांनी आठवायचा प्रयत्न केला, ते मला दिसलं. त्यांना आठवत नव्हतं. असे कितीतरी मेसेज त्यांनी शिस्तीत काढून टाकले असतील, हा त्यांतलाच एक. मला त्यांचा संताप आला, आणि मग आम्हा सगळ्यांचाच आला. अख्ख्या पाऱ्यात एका माणसालाही तो मिटवलेला मेसेज पाहून तिला फोन करावासा वाटला नव्हता.

“लता, तुला माझ्याबरोबर ठाण्यात यावं लागेल,” मी म्हटलं. “याला काय म्हणायचं ते कोर्ट ठरवेल.”

“येते जी.” ती उठली आणि तशीच उभी राहिली. “दीदी, थोडं झोपू द्याल का? बाबा गेले तेव्हापासून पाव्हणे होते, तेरवी झाली. आता घर रिकामं आहे तरी डोळा लागत नाही. कान दाराकडेच राहतात. घरात कोणी बसून असलं तर येईन मले झोप.”

नोकरीत असते तर हे नियमात बसलं नसतं. मी हो म्हटलं.

ती आतल्या खोलीत जाऊन फरशीवरच आडवी झाली. कूलर घुमत होता. थोड्याच वेळात तिचा श्वास जड झाला. विनायकराव मारोतरावांच्या खुर्चीत बसले. त्यांचा फोन खिशात सारखा थरथरत होता, ग्रुपवर पुन्हा कशावरून तरी पेटलं असावं. त्यांनी फोन काढला आणि न बघता बंद करून टाकला.

“तुम्ही माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, क्षमाताई,” ते अगदी हळू म्हणाले.

“कुलपानं नाही मेले ते,” मी म्हटलं. पुढचं मला बोलावं लागलं नाही, त्यांना कळलं होतं.

दुपार गेली. मी एकदा आत डोकावले, ती त्याच कुशीवर होती. आम्ही दोघंही जागचे हललो नाही. संध्याकाळी फाटक वाजलं. शंकर डबा हलवत आत आला आणि आम्हाला पाहून दारातच दचकला.

“काका? दीदी? क्या हो गया? तुमी इथं काहून बसून राहिले?”

विनायकरावांनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोल,” ते म्हणाले. “झोपली आहे ती.”